राहुकाळाआधी पाच मिनिटे

पेरुंगुडी, चेन्नई
दि. २० एप्रिल २०२५

चिरंजीव रघुनाथ,

तुळजाजीमामाचे आशीर्वाद. गुडघे वगळता येथे सर्व कुशल आहे. गुडघ्यांविषयी लिहून शाई वाया घालवीत नाही.

तुझे थिंफूचे पत्र मिळाले. तू कागदावर लिहितोस, त्याचे छायाचित्र सूनबाई श्रीलक्ष्मीच्या फोनवर पाठवितोस, ती ते ऑफिसात छापून आणते आणि मग मी वाचतो. यास पत्र म्हणावे की नाही, असा विचार मी पुष्कळ दिवस केला. अखेर अक्षर तुझे आणि भाषा आपली, एवढ्या आधारावर मान्यता दिली आहे. तुझी आई विजयलक्ष्मी गेली तेव्हा आपण दोघांनी तिला शब्द दिला होता की आपसांत लिहू ते मराठीतच लिहू. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला तमिळवर घसरतोस. कागदावर घसरत नाहीस, हे मी लक्षात ठेवले आहे.

थिंफू हा प्रशिक्षक म्हणून तुझा एकोणीस वर्षांतील नववा फुटबॉल क्लब. ऐझॉल, शिलाँग, कोझिकोड, मडगाव, जालंधर, माले, कोलंबो, काठमांडू आणि आता हा. मी माझ्या शेषाद्रीच्या जुन्या शालेय नकाशावर प्रत्येक ठिकाणी टाचणी लावली आहे. नकाशा आता चाळणीसारखा दिसतो.

तुझ्याकडे एक चौकशी करावयाची आहे. माझे एक परिचित वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या इमारतीतील रहिवाशांनी सात जणांचा फुटबॉल संघ केला असून जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरील इमारती आणि ऑफिसे यांच्या चषकासाठी नाव नोंदविले आहे. अर्जातील ‘प्रशिक्षक’ हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून कोणी तरी त्या गृहस्थांचे नाव घातले. त्यांच्या संघात संजीव नावाचा सहा फूट तीन इंच उंचीचा इंजिनिअर आहे. तो चेंडू येताना दिसला की डोळे मिटतो. अशा मनुष्याचे काय करावे, असे ते विचारतात. मला या विषयात रस नाही, हे तू जाणतोसच.

२००६ साली तू स्थिर नोकरी सोडून या व्यवसायात निघालास तेव्हा मी जे बोललो, तेही तू विसरला नसशील. “हाती चषक असल्यावाचून या घराचा उंबरा ओलांडू नकोस.” मीही विसरलेलो नाही. तुळजाजी राव बोललेला शब्द मागे घेत नसतो.

तुझा मामा,
तुळजाजी राव


थिंफू
२ मे २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. घामाने शाई पसरली आहे, माफ करा. पंखा सकाळपासून बंद आहे. थिंफूत यंदा उकाडा जरा जास्तच आहे.

तुमच्या मित्रांना सांगा, चेंडूला भिणारा उंच माणूस म्हणजे देवाची देणगी! मालेमध्ये माझ्याकडे असाच एक होता. तिथलं मैदान एवढंसं की जोरात मारला की चेंडू समुद्रात, आणि मग पंच होडीकडे बघत उभे. मी त्या उंच गड्याला सांगितलं, कॉर्नर मिळाला की गोलापासून लांब, अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहा आणि दोन्ही हात वर करून ओरड, “मला द्या, मला द्या!” समोरचे सगळे त्याच्याकडे धावतात. चेंडू मात्र द्यायचा सगळ्यांत बुटक्याला. मामा, उंच माणूस खेळाडू नसतो, तो जाहिरातीचा फलक असतो. डोळे मिटले तरी चालतात.

आता माझी अडचण. माझे मागचे तिघे कधी एका ओळीत उभे राहत नाहीत. एक पुढे, एक मागे, एक फोनवर. तुम्ही चौतीस वर्षं शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्यात. सरळ ओळ कशी धरायची, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

समोरच्या मेसमधलं सांबार बरं असतं. जेवणाची काळजी करू नका.

तुमचा,
रघु


पेरुंगुडी
दि. १८ मे २०२५

चिरंजीव रघुनाथ,

आशीर्वाद. भूतानी लोक सांबार करतात, हे वाचून अतिशय समाधान वाटले. आपल्या तंजावरच्या माणसांचा हात कोठवर पोचला आहे, याचा हा पुरावा होय. उकाड्याविषयी मात्र आश्चर्य वाटते. श्रीलक्ष्मीने फोनवर पाहून सांगितले की थिंफूत काल चौदा अंश होते. मी तिला म्हणालो, फोनला काय कळते? घाम फोनला आला की रघूला?

सरळ ओळीविषयी. रेष डोळ्याने आखता येत नाही. डोळा हा आळशी नोकर आहे. दोन खुंट्या आणि एक सुतळी, एवढेच खरे. तुझ्या तिघांच्या कमरेला एकच सुतळी बांध आणि तशीच त्यांना आठ दिवस पळव. पहिल्या दिवशी ते पडतील, दुसऱ्या दिवशी भांडतील, तिसऱ्या दिवसापासून एकमेकांकडे पाहू लागतील. सुतळी नंतर सोडली तरी ती कमरेला जाणवत राहते.

त्या परिचित गृहस्थांनी तुझी युक्ती वापरली. काल सायंकाळी कॉर्नर मिळताच संजीव दूर कोपऱ्यात गेला, हात वर केले, डोळे मिटले आणि अशी काही आरोळी ठोकली की पाचव्या मजल्यावरील स्त्रिया गॅलरीत आल्या. समोरचे सहाही जण त्याच्या अंगावर धावले. चेंडू धनलक्ष्मीला मिळाला. ही बँकेत रोखपाल असून पाच फूटही भरत नाही. तिने तो असा काही आत घातला की मी खुर्चीवरून उठलो, आणि माझे गुडघे दुखतात हे मला खाली बसल्यावर आठवले. आम्ही दोन गोलांनी जिंकलो.

म्हणजे ते गृहस्थ जिंकले.

तुझा मामा,
तुळजाजी राव


थिंफू
८ जून २०२५

प्रिय मामा,

सुतळी! मामा, सुतळी! पहिल्या दिवशी तिघे एकदम चिखलात आडवे. दुसऱ्या दिवशी एकाने राजीनाम्याची धमकी दिली. तिसऱ्या दिवशी मी शिट्टी वाजवली आणि तिघे एका पावलाने मागे सरले, जणू एकाच माणसाची तीन प्रतिबिंबं. मी त्या मैदानावर एकटाच नाचलो. एक कुत्रं माझ्याबरोबर नाचलं. एकोणीस वर्षांत मी लठ्ठ पगाराचे परदेशी सहायक पाहिले, त्यांच्या संगणकावरचे रंगीत बाण पाहिले, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही लागोपाठ तीन सामने जिंकलो, एकही गोल न खाता.

मामा, हसू नका, पण मी अंतिम सामन्यात आहे. पहिल्यांदाच. नऊ ठिकाणी मी प्रत्येक वेळी अर्ध्यावर पेटी भरली. ऐझॉलला निरोपाला सगळ्या संघानं चर्चमध्ये गाणं म्हटलं, जालंधरला पराठे बांधून दिले, काठमांडूला तर मला काढल्याचं पत्र आणि वाढदिवसाचा केक एकाच ट्रेमधून आला. प्रत्येक ठिकाणाहून निघताना मी आईनं शिकवल्याप्रमाणे ‘येतो’ म्हणालो. परत कुठेच गेलो नाही. परत जायचं असं एकच ठिकाण आहे, आणि तिथं रिकाम्या हातांनी येता येत नाही.

हा चषक मिळाला तर मी येईन, मामा. तुमच्यासमोर उंबऱ्यावर उभा राहीन.

एक अडचण आहे. सामना रविवारी साडेचारला. आजी म्हणायची, रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, त्यात नव्या कामाला हात लावायचा नाही. काय करू?

तुमचा,
रघु

ता. क. खाली सांडलेला डाग फिल्टर कॉफीचा आहे. इथे ती मिळते.


पेरुंगुडी
दि. २९ जून २०२५

चिरंजीव रघुनाथ,

आशीर्वाद. प्रथम राहुकाळ. तो त्या त्या गावच्या सूर्योदयावरून मोजतात, तेव्हा थिंफूचा राहुकाळ वेगळा असणार. परंतु तुझे घर चेन्नईत आहे, म्हणून तू चेन्नईचाच धरावा. यावर तोड अशी की संघाला चार पंचवीसला मैदानात उतरव आणि तेथे नुसते उभे ठेव. कार्याचा आरंभ पाऊल ठेवल्याने होतो, शिट्टीने नव्हे. माझ्या आईने माझे लग्नसुद्धा याच रीतीने उरकले. मी पाच मिनिटे आधी मंडपात जाऊन उभा होतो आणि वधूपक्षाने मला स्वयंपाक्यांपैकी एक समजून नारळ फोडावयास दिले.

योगायोग पाहा, त्या परिचित गृहस्थांचा संघही अंतिम सामन्यात पोचला असून त्यांचाही सामना रविवारी साडेचारलाच आहे. सर्व देशांतील संयोजकांना राहुकाळाचे भान नसते, असे यावरून सिद्ध होते. त्यांनाही मी हाच सल्ला दिला आहे.

तू येईन असे लिहिलेस. ठीक आहे. काचेच्या कपाटातील मधला कप्पा मी सहज म्हणून रिकामा केला. त्यात ठेवलेल्या औषधांना तसेही दुसरीकडे हलवावयाचे होते. हा फ्लॅट घेतला तेव्हा त्याला उंबरा नव्हता. शेषाद्री म्हणाला, “अप्पा, हल्ली कोणी बसवत नाही.” मी म्हणालो, बसवावाच लागेल. का, ते त्याला सांगितले नाही. तुलाही सांगत नाही.

जिंक.

तुझा मामा,
तुळजाजी राव


थिंफू
१३ जुलै २०२५, रात्रौ

प्रिय मामा,

मी आज दिवसभर थिंफूमध्ये खोलीत होतो. बाहेर बर्फ पडत होतं. चेन्नईत मी नव्हतो, असण्याचं कारणच नाही.

अंतिम सामना हरलो. त्यापुरता खोलीबाहेर गेलो होतो. शून्य-एक.

समोरचे प्रशिक्षक फार वृद्ध होते. कमरेला गुंडाळलेली पांढरी वेष्टी, हातात काळी छत्री. म्हणजे भूतानी वेष्टी. ते छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेषा काढून खेळाडूंना समजावत होते आणि एकदाही खाली बसले नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना काही होत नाही ना, हे कळण्याचा माझ्याकडे काही मार्ग नाही, मी फक्त सहज लिहितो आहे.

चषक नाही, मामा. तेव्हा येण्याचा प्रश्नच नाही. पुढचा क्लब बहुधा आणखी लांबचा असेल. टाचणी तयार ठेवा.

रघु


पेरुंगुडी
दि. १४ जुलै २०२५

चिरंजीव रघुनाथ,

आशीर्वाद. जुलैत थिंफूला बर्फ पडले, ही बातमी मी श्रीलक्ष्मीला दाखविली नाही. ती फोनमध्ये पाहू लागते.

तुला एक कबुली देणे मला भाग आहे. ते परिचित वृद्ध गृहस्थ मीच. प्रशिक्षकपण हा धंदा नव्हे, असे मी तुला एकोणीस वर्षे ऐकविले आणि एकोणऐंशीव्या वर्षी त्याच धंद्यात पडलो, हे लिहावयास लाज वाटली. आता वाटत नाही. रघुनाथ, हा वेडेपणा इतका गोड असतो हे तू कधी स्पष्टपणे लिहिले नाहीस. मला रात्री स्वप्नात कॉर्नर दिसतात. काल न्याहारीला मी इडल्यांचा संघ मांडला आणि शेषाद्रीने त्यातील उजवा बचावपटू खाल्ला, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो.

कालच्या सामन्याची हकीकत सविस्तर लिहितो, कारण तू थिंफूत असल्याने तुला ती ठाऊक असणे शक्य नाही.

चार पंचवीसला मी माझे सात जण मैदानात उतरविले. पाहतो तो दुसऱ्या बाजूने नीलवर्ण सॉफ्टवेअरचेही सात जण त्याच क्षणी उतरले. पाच मिनिटे चौदा माणसे समोरासमोर नुसती उभी. पंच रंगा घड्याळाकडे पाहून म्हणाला, “एन्न सार, मुहूर्ताला थांबलाय काय? नवरी कुठंय?” लोक हसले. मी हसलो नाही. माझ्या मनात आले, समोरचा प्रशिक्षक कोणी का असेना, चांगल्या घरातला आहे. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती, तोंडाला पट्टी बांधली होती आणि तो पूर्वार्धभर पाण्याच्या कॅनमागे बसला होता. मला वाटले, बिचाऱ्यास सर्दी असावी.

त्याच्या मागच्या तिघांना पाहून मी थक्क झालो. तिघे एका पावलाने पुढे, एका पावलाने मागे. ही रेष डोळ्याने आखलेली नव्हे, हे माझ्यासारख्याच्या लगेच ध्यानी येते. ही सुतळीची रेष होती. आम्हाला ती एकोणसाठ मिनिटे भेदता आली नाही.

मग शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. संजीव दूर गेला, हात वर, डोळे बंद. आणि तो पट्टीवाला प्रशिक्षक कॅन उलथवून उभा राहिला व दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओरडला, “अरे, त्या ताडाकडं बघू नका रे! बुटकीकडं बघा, बुटकीकडं!”

रघुनाथ, तो मराठीत ओरडला.

त्याचे सात खेळाडू तमिळ, तेलुगू आणि मल्याळी. त्यांना एक अक्षर कळले नाही. आपले साहेब हे काय बोलतात म्हणून सातही जण, गोलरक्षकासकट, वळून त्याच्याकडे पाहत राहिले. धनलक्ष्मी एकटी गोलासमोर होती. तिने चेंडू सावकाश आत ढकलला, जणू खिडकीतून पासबुक परत देत आहे.

मला चेहरा दिसला नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कानांना मोतीबिंदू होत नाही. तो आवाज सहा महिन्यांचा असल्यापासून मी ओळखतो. माझ्या बहिणीचा मुलगा भूक लागली की असाच ओरडत असे. माझ्या संघाने मला खांद्यावर घेतले. मी वरून चहूकडे पाहिले, तर तो प्रशिक्षक हस्तांदोलनसुद्धा न करता निघून गेला होता. ही असभ्यता आहे. तो भेटल्यास त्याला सांग.

आता मुख्य मुद्दा. मी चौतीस वर्षे रेषा आखल्या आणि एकही पुसावी लागली नाही. २००६ साली मात्र एक रेष रागात आखली, आणि ती वाकडी पडली. ती पुसता येत नाही, कारण मी शब्द मागे घेत नसतो. परंतु तुझ्याच खेळाचा नियम आहे की चेंडू रेषेवर असला तर तो मैदानातच धरतात. म्हणून काल रात्री मी माझे वाक्य पुन्हा तपासले. “हाती चषक असल्यावाचून या घराचा उंबरा ओलांडू नकोस.” चषक हाती असावा, एवढेच त्यात आहे. तो कोणी जिंकलेला असावा, याचा त्यात उल्लेख नाही. मी दोनदा वाचले. श्रीलक्ष्मीकडूनही वाचून घेतले. ती वकील नाही, परंतु हुशार आहे, आणि तिचे मत माझ्याप्रमाणेच पडले.

चषक अडीच हात उंच आहे आणि फार जड आहे. तो दाराबाहेर चपलांच्या कपाटावर ठेवला असून आत आणण्यास या घरात कोणी समर्थ नाही. शेषाद्री समर्थ आहे, परंतु त्याला मी तो उचलण्याची मनाई केली आहे. येत्या गुरुवारी तमिळ पंचांगाचा आडि महिना लागतो. त्या महिन्यात घरात काहीही नवे आणावयाचे नाही, असे तुझी आजी म्हणे. बुधवारी राहुकाळ बारा वाजता सुरू होतो. उरलेला हिशेब तुला येतो.

हे पत्र छायाचित्राने पाठवीत नाही. संजीवने चौकशी केली असून नीलवर्णचे प्रशिक्षक येथेच चेन्नईत, अड्यारला मेससमोरच्या खोलीत राहतात असे समजते. तो हे त्यांच्या हाती देईल. तेथून ते थिंफूस लवकर पोचेल, असा माझा अंदाज आहे.

तुझा मामा,
तुळजाजी राव
प्रशिक्षक


तुमच्या दाराबाहेर, तिसरा मजला, पेरुंगुडी
१६ जुलै २०२५, सकाळी ११.४८

मामा,

थिंफूनं मला मार्चमध्येच काढलं. चार महिने मी अड्यारमध्ये होतो, तुमच्यापासून तीन सिग्नलांवर. रोज संध्याकाळी तुमच्या रस्त्यावरून सराव संपवून परत जायचो आणि तिसऱ्या मजल्याकडे वर बघायचो. तुम्ही गॅलरीत नसायचात. मला वाटायचं, मामा लवकर झोपायला लागले. तुम्ही खाली मागच्या मैदानात माझ्याच युक्त्या शिकवत होतात!

मी हे लिहितो आहे आणि लिफ्टमधून आलेली कोणी आजी विचारते आहे, “कोणाकडे आलास, बाळ?” बेचाळीस वर्षांच्या माणसाला बाळ. मी तिला म्हणालो, घरी.

हस्तांदोलन न करता पळालो, ते चुकलं. मला तेव्हा एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं, आणि तोंडाला पट्टी होती, श्वास घेता येईना. पंचाला वाटलं मला झटका आला. मामा, नऊ क्लबांत मी इतका सुंदर सामना हरलो नव्हतो.

आता अकरा चोपन्न झाले. पंचावन्नला पाऊल टाकतो. हा कागद दाराखालून आत सरकवतो आणि चषक उचलतो. खरंच फार जड आहे, आत कोणी तरी फणस ठेवला आहे असं वाटतं. दोन्ही हात त्यातच अडकतील, घंटी वाजवता यायची नाही.

तेव्हा दार तुम्हीच उघडा.

येतो.

रघु